बटनशेवंतीने तोंड मिटल्याची चौकशी

आमच्या घरातला समुद्र चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल आहे. तो आकुर्डीत, दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये टीव्हीच्या जागी आहे. टीव्ही कुठे गेला हा विषय माझी बायको स्वप्नाली पाहुण्यांसमोर काढते, तेव्हा तो इथे नको. या समुद्रात दोन नारंगी मासे, तीन गोगलगायी आणि खडकांवर वाढणारी कोरलं आहेत. कोरल दिसायला फूल असलं तरी असतो प्राणी. दिवा लागला की उघडतो आणि काही मनाविरुद्ध झालं की कारण न सांगता मिटतो. आमच्या घरात अशी सवय आणखीही काही जणांना आहे, पण त्यांना खास मीठ मागवावं लागत नाही.

तर दिवाळी संपून आठवडा झाला आणि आमचं सगळ्यात देखणं कोरल मिटलं, ते उघडेचना. बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या-केशरी फुलांचा तो गुच्छ. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. आईने मात्र त्याचं नाव पहिल्याच दिवशी बटनशेवंती ठेवलं आणि तेच घरात चाललं.

इथे माझी अडचण समजून घ्या. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे. आम्ही ब्रेकचे भाग बनवतो आणि भागात दोष निघाला तर तो कुठून आला हे शोधणं माझं काम. केसाएवढा ओरखडा कुठल्या शिफ्टला, कुठल्या मशीनवर, कोणाच्या अंगठीने पडला हे मी शोधून काढलेलं आहे. त्याबद्दल मला एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. अशा माणसाच्या हॉलमध्ये दोष निर्माण होतो, त्याच्यासमोर वाढतो आणि त्याला कारण सापडत नाही, म्हणजे मग त्या शालीला काही अर्थ उरत नाही.

मी सगळं मोजलं. मीठ बरोबर, तापमान बरोबर, दिव्याचे तास बरोबर. कागदोपत्री माझा समुद्र उत्तम चालला होता, फक्त आतली कोरलं मरायला टेकली होती.

आई तिच्या खुर्चीवर बसून हे बघत होती. वडील गेल्यावर ती खेडजवळच्या आमच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली, त्याला दोन वर्षं झाली. पहिले काही महिने तिला फ्लॅटमध्ये करमत नव्हतं. मग टाकी आली आणि तिने टाकीसमोर बुटकी खुर्ची मांडली. सकाळी दिवा लागला की ती बसायची ती अधूनमधून संध्याकाळपर्यंत. गावी रानाकडे बघायची तशी.

"निरंजन," ती म्हणाली, "भाऊबीजंपास्नं गोगलगाय काचंवर चढली न्हाई. त्येच्या दुसऱ्या दिशी ते छत्रीवानी फूल मिटलं. मंग ही बटनशेवंती. आदी कडंची, मंग मधली."

"आई, आकडे सगळे बरोबर आहेत."

"आकडं आसतील. फुलं मिटल्यात. आन् ती मिरची बदललीस का?"

आईचं हे एक असतं. समुद्रावरून एकदम मिरचीवर. कुठली मिरची, हे मी विचारलं नाही. मी त्या वेळी फ्रिजच्या दारावर माशाच्या काट्याची आकृती काढत होतो. आमच्या कंपनीत कुठल्याही दोषाची चौकशी अशीच सुरू होते. डोक्याशी दोष लिहायचा आणि प्रत्येक काट्यावर एकेक संशयित: माणूस, यंत्र, माल, पद्धत. यंत्राच्या काट्यावर मी पंपापासून स्क्रूपर्यंत एकतीस वस्तू लिहिल्या. माणसाच्या काट्यावर दोन नावं लिहिली, स्वप्नाली आणि आई. माझं नाव नव्हतं. तपास करणारा स्वतः संशयित नसतो. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळीकडे.

"यासाठी वाण्याची यादी काढून टाकलीत?" स्वप्नालीने विचारलं. आपलं नाव तिने नंतर वाचलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे चिमाजीभाऊ आले. ते इथल्याच दुचाकीच्या कारखान्यातून रिटायर झालेत आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे त्यांना मत आणि शिक्का दोन्ही आहेत. ते टाकीसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले.

"राव, याला लाटा नाहीत," ते म्हणाले. "समुद्र म्हटल्यावर लाट पाहिजे. नुसतं गोल गोल पाणी. जनावर कंटाळलंय."

मी नम्रपणे विचारलं की गेल्या आठवड्यात सोसायटीची पाण्याची टाकी धुतली, तेव्हा काही औषध घातलं होतं का. भाऊंचा चेहरा एकदम सेक्रेटरीचा झाला.

"हे असं तोंडी नको. लेखी द्या."

मी लेखी दिलं. विषय: कोरल मिटल्याबाबत. भाऊंनी समोरच्या दाराआड बसून कमिटीची बैठक घेतली आणि तीन दिवसांनी शिक्का मारलेलं उत्तर माझ्या दाराखालून आत सरकवलं. "सोसायटीचे पाणी गोडे असून आपण त्यात स्वखुशीने मीठ घालता. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे." ते सरकवताना मी दारातच चपला घालत होतो, पण आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.

तोपर्यंत मखमलीसारखं एक निळं कोरल गळून खडकावरून खाली पडलं होतं. मी ते हाताने उचललं. हाताला गार आणि चिकट लागलं आणि खरं सांगतो, ते मला कचऱ्याच्या डब्यात टाकवेना. कंपनीत रोज शेकडो भाग नापास करतो, कधी काही वाटत नाही.

मग मी पिंपरीला रहिमानभाईंच्या दुकानात गेलो. मासे, दिवे, मीठ, सगळं मी त्यांच्याकडूनच घेतो. त्यांनी माझे आकडे बाजूला सारले.

"मासे?"

"ठणठणीत."

"कोरल?"

"सगळी मिटली."

"गोगलगाय?"

एकतीस वस्तू लिहिल्या होत्या, त्यात गोगलगायीच्या तब्येतीचा कॉलम नव्हता. घरी फोन लावला. स्वप्नालीने तो आईकडे दिला आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आई म्हणाली, "एक मेली सोमवारीच. तुळशीत पुरली. तुला सांगितलं व्हतं की. बाकीच्या दोन मला बऱ्या वाटत न्हाईत."

रहिमानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, घरात एवढं बघणारं माणूस आहे, तर तुम्ही माझ्याकडे कशाला येता?"

मग त्यांनी समजावलं. मासे टुणटुणीत आणि गोगलगाय, कोरल मरायला लागली, म्हणजे बहुतेक पाण्यात तांबं उतरलंय. तेवढं तांबं मासा सोसतो, बाकीच्यांना ते विष. "पण माझा अंदाज आहे हां. तपासून घ्या. माझ्याकडचं तांब्याचं किट संपलंय, आठवड्याने येईल."

आठवडाभर थांबायला मी काही साधा ग्राहक नव्हतो. आमच्या कंपनीत सांडपाणी साफ करण्याचा प्लांट आहे आणि तिथल्या लॅबमध्ये बुद्धरत्न नावाचा फार व्यवस्थित माणूस आहे. पाण्याची बाटली घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

"सर, नंबर दिल्याशिवाय मशीन नमुना घेत नाही. कुठलं पाणी ते टाकावं लागतं." कॉम्प्युटरवर पर्याय होते: आत येणारं, मधली टाकी, बाहेर जाणारं, इतर. "हॉल" असा पर्याय नव्हता. आम्ही विचार करून "इतर" निवडला.

"इतर" निवडलं की तो कॉम्प्युटर पाणी बाहेर जाणारं धरतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुपारी जेवून येतो तर सगळ्या अधिकाऱ्यांना मेल गेलेला. कंपनीच्या गेटबाहेर जाणाऱ्या पाण्यात क्षारांचं प्रमाण असं होतं, की तिथे मिठागर काढता आलं असतं. प्लांट बंद. पाणी अडवायला चर खणणारी माणसं हजर. प्लांट हेडनी तातडीची मीटिंग बोलावली आणि हा प्रकार गंभीर असल्याने चौकशी कंपनीतल्या सगळ्यात अनुभवी माणसाकडे द्यायची ठरली. म्हणजे माझ्याकडे.

मूळ कारण शोधायला मला नऊ मिनिटं लागली. एवढ्या लवकर चौकशी पूर्ण झाल्याची आमच्या कंपनीत ती पहिलीच वेळ. दोषी व्यक्तीने लेखी माफी मागावी, अशी शिफारस मी केली आणि नंतर ती माफी लिहिली. बुद्धरत्न बिचारा शेजारी उभा राहून स्पेलिंग बघत होता. मात्र माफीनाम्याला जोडलेल्या त्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती: तांबे, आढळले.

तांबं! एखादा शब्द वाचून डोळ्यांसमोर घर उभं राहतं तसं झालं. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात आईची तांब्याची कळशी असते. ती रोज चिंचेने घासते, पाणी भरून ठेवते आणि सकाळी तेच पिते. टाकीतलं पाणी उडून कमी होतं, तेव्हा वरून शुद्ध केलेलं गोडं पाणी घालावं लागतं. आणि महिन्यापूर्वी मी आईला कळशी हातात घेऊन टाकीजवळ उभी असलेली पाहिलं होतं. एरवी सगळ्यांकडे पुरावा मागणारा मी, एवढ्यावर खटला निकाली काढून कंपनीच्या बसमध्ये बसलो.

खिशात नापास मालाला बांधायची लाल कार्डं असतात. घरी आलो, आई देवळात गेली होती, तेवढ्यात कळशीच्या गळ्यात एक बांधलं. "नापास. वापरू नये." खाली सही आणि तारीख. सवयीचा भाग झाला, दुसरं काय.

आई आली. तिने चष्मा लावून ते अक्षर अक्षर वाचलं.

"माझ्या लग्नातली कळशी हाय ही. म्हायेरची."

"आई, टाकीच्या पाण्यात तांबं निघालंय."

"निघालं आसंल. मी त्यात येक थेंब घातला न्हाई. ते पाणी खारं हाय, त्यातलं मला काय कळत न्हाई व्हय? मी कळशी घिऊन बघाय थांबले व्हते, एवढंच."

"तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. चौकशीत कोणाला दोष द्यायचा नसतो, फक्त कारण..."

"मंग कारण म्हून माझंच नाव लिव की काट्यावर, शालनबाई. लिवलंयसच." तिने फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी निघते उद्या."

आणि सकाळी ती खेडच्या एसटीने गेली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कळशी, कळशीला लाल कार्ड. ते काढायला मी हात पुढे केला, तर तिने कळशी दुसऱ्या बाजूला घेतली.

स्वप्नाली दोन दिवस कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डिंकाचे लाडू कोण वळणार, तेही लिहून टाका एखाद्या काट्यावर." गावी भावाकडे फोन केला की वहिनी म्हणायची, "आत्याबाई रानात गेल्यात." सकाळी रानात, दुपारी रानात, संध्याकाळी रानात. आमचं रान एवढं मोठं नाही.

रहिमानभाईंचं किट आलं. मी पाणी तपासलं. तांबं कमी व्हायला हवं होतं, ते वाढलं होतं. कळशी खेडला आणि तांबं आकुर्डीत. मी दोनदा तपासलं, मग स्वप्नालीला तपासायला लावलं. तिने रंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कणीक मळायला गेली. मी चुकलो होतो, आणि ते मला त्या कणकेच्या आवाजावरून कळलं.

शनिवारी सुट्टी होती. दिवा लागला. काहीही उघडलं नाही. मला उभं राहवेना, म्हणून मी पहिल्यांदाच आईच्या बुटक्या खुर्चीवर बसलो. आणि तिथून मला एक गोष्ट दिसली जी मला उभ्याने कधी दिसली नव्हती. टाकीखाली कपाट आहे, त्यात पाणी गाळणारी खालची टाकी आणि पंप. कपाटाच्या दाराला बोटभर फट आहे. आईच्या खुर्चीवरून त्या फटीतून बरोब्बर एक खिळा दिसतो. खिळा रिकामा होता.

"आन् ती मिरची बदललीस का?"

मी दार उघडलं, बाही वर केली आणि पंपामागच्या कोपऱ्यात हात घातला. हाताला आधी लिंबाचा लगदा लागला, मग मिरच्यांचा. आणि मग तार, हिरवीगार झालेली, तांब्याची.

आता हे कसं झालं ते सांगतो आणि सांगताना मान खाली घालतो. खंडेनवमीला आमच्या कंपनीत सगळ्या मशीनची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ आणि प्रत्येक मशीनला लिंबू-मिरची. दोरा तेलाने कुजतो म्हणून आमच्या मेंटेनन्सचा भैरू जुनी केबल सोलून आतल्या तांब्याच्या तारेत लिंबू-मिरची ओवतो. यंदा त्याने एक जास्तीची केली. "सर, घरच्या मशीनला न्या." घरचं मशीन म्हणजे हा पंप. मी असल्या गोष्टी मानत नाही. म्हणून ती कोणाला दिसणार नाही अशी कपाटाच्या आत, पाण्याच्या बरोबर वर, खिळ्याला टांगली. आणि मानत नाही म्हणूनच ती एकतीस वस्तूंच्या यादीत लिहिली नाही. शहाण्या माणसाने लिंबू-मिरची यंत्रसामग्रीत कशी लिहावी? दिवाळीत लिंबू सुकलं, गळालं आणि तारेसकट खाऱ्या पाण्यात गेलं. तिथे तारेचं तांबं रोज थोडं थोडं विरघळत होतं.

जो ती बांधतो, त्याने ती दर शनिवारी बदलायची असते. आमच्या भाषेत याला नियमित देखभाल म्हणतात. ती चुकवणाऱ्या ऑपरेटरना मी आजवर किती व्याख्यानं दिली असतील! आणि आईने मला त्याची आठवण केली होती. तिला तांब्याचं माहीत नव्हतं, पण शनिवार चुकलाय हे तिला ठाऊक होतं.

रहिमानभाईंनी सांगितलं तसं थोडं थोडं पाणी बदललं, उरलेलं तांबं शोषून घ्यायला कोळशाची पिशवी सोडली. आठवड्यानंतर रविवारी सकाळी बटनशेवंतीची तीन फुलं अर्धवट उघडली. मी मोठ्याने ओरडलो. स्वप्नाली आली, तिने तीन मोजली आणि म्हणाली, "मला काय दाखवता? जा खेडला."

गावी पोचलो तेव्हा आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. शेजारी कट्ट्यावर कळशी होती. कार्ड तसंच होतं आणि पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी नीट गुंडाळलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचलं असणार. सही माझीच.

गाडीत मी माफी तोंडपाठ केली होती, कंपनीतल्या माफीनाम्यापेक्षा चांगली. "आई, माझं चुकलं. तार माझीच होती. मिरचीची. तू सांगत होतीस आणि मी..."

"ऱ्हायल्या दोन गोगलगायी?"

"जिवंत आहेत."

"वर चढत्यात?"

"एक चढते."

"आन् बटनशेवंती?"

"तीन फुलं उघडली आज."

"कोणती तीन? काचंकडची का खडकाकडची?"

मी आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. आईने शेंगा खाली ठेवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी न बघता सही केलेल्या तपासणीच्या कागदाकडे पाहतो.

"म्हंजी तिथं बघणारं कुणीच न्हाई," ती म्हणाली आणि पिशवी भरायला आत गेली.

येताना चाकणच्या चौकात पाऊण तास गाडी हलली नाही. आई मांडीवर कळशी घेऊन बसली होती. मी तिला दोनदा म्हणालो की कार्ड काढतो. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर चपला काढून ती थेट खुर्चीवर बसली. स्वप्नालीने चहा ठेवला. आई मान वाकडी करून खडकाच्या मागे बघत होती.

"पाच हाईत," आई म्हणाली. "तू तीन सांगितलीस. दोन खडकाच्या आड हाईत, ती तुला दिसली न्हाईत."

मग ती उठली. कळशी धुऊन, भरून ओट्याच्या कोपऱ्यात तिच्या जागी ठेवली. तिच्या गळ्यातलं लाल कार्ड सोडवलं, प्लास्टिक काढून घडी केली आणि माझ्यासमोर आली. कंपनीचं ओळखपत्र मी रविवारीही का घालतो हे मला माहीत नाही, पण ते गळ्यात होतं. त्याच्या पट्ट्याला तिने ते कार्ड गाठ मारून बांधलं. नापास.

"आई, हे कधी काढायचं?"

"शनवारी बघू," ती म्हणाली. "मिरची बदलतोस का न्हाई त्येच्यावर."

आज गुरुवार आहे. कार्ड अजून गळ्यात आहे. कंपनीत दोघातिघांनी विचारलं, मी चौकशी चालू आहे असं सांगितलं. लिंबं आणि मिरच्या आणून ठेवल्यात. सुती दोरा आईने दिला आहे.